बेटावरून पळायचं कुठे? (मॉरिशस आणि चक्रीवादळं)

पोफळीकर | रविवार, दुपारी ३.१०

नमस्कार मंडळी,

परवा 'दक्षिण हिंदी महासागरात चक्रीवादळ, भारताला धोका नाही' अशी दोन ओळींची बातमी टीव्हीवर खालून सरकली आणि मला घरून लागोपाठ तीन फोन आले. आईचा प्रश्न दर वर्षी तोच. "अरे, दोन दिवस दुसरीकडे का नाही जात तुम्ही?" आई दापोलीची. निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा किनाऱ्यावरची माणसं आतल्या गावांत, शाळांत हलवलेली तिने पाहिली आहेत. वादळ आलं की दर्यापासून आत सरकायचं, हे तिच्या हाडात आहे. तिला म्हटलं, आई, इथे आत सरकत गेलं की तासाभरात पलीकडचा किनारा लागतो.

खरंच तेवढंच आहे. मॉरिशसची लांबी ६५ किलोमीटरच्या आसपास, रुंदी ४५. चांगलं पोसलेलं वादळ याच्या कितीतरी पट मोठं असतं, त्यामुळे ते आलं की अख्खं बेट त्याच्या पोटात. विमानं आधीच उडून गेलेली, बोटी बंदराबाहेर काढलेल्या. माणसं घरात.

मी इथे सहा मोसम काढलेत. मोसम अधिकृतपणे १५ नोव्हेंबरला सुरू होतो आणि मॉरिशससाठी १५ मेला संपतो. मी बांधकामवाला, हवामानाचा अभ्यासक नव्हे. चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

आमच्याकडची वादळं बऱ्याचदा ईशान्येला, दिएगो गार्सिया बेटाच्या बाजूला किंवा त्याहूनही पूर्वेला जन्मतात. डिसेंबर ते मार्च तिथलं पाणी तापलेलं असतं. साडेसव्वीस अंशांच्या वर तर हवंच, पण नुसता वरचा थर तापून भागत नाही, पन्नासेक मीटर खोलपर्यंत ऊब लागते. वादळ स्वतःच समुद्र घुसळतं ना, खालचं गार पाणी वर आलं की चूल विझली. शिवाय विषुववृत्तापासून निदान पाच अंश लांब असावं लागतं, नाहीतर पृथ्वीच्या फिरण्याचा पीळ हवेला बसत नाही. आणि वरचा वारा एकीकडे, खालचा दुसरीकडे असं भांडण नको. सगळं जुळलं तरी ढगांची बरीच टोळकी गडगडून तशीच विरून जातात.

जमलं की मात्र धंदा स्वतःच्याच नफ्यावर वाढतो. वाफ वर चढते, तिचं पाणी होताना उष्णता सुटते, त्या उष्णतेने हवा आणखी वर उचलली जाते, खाली दाब उतरतो आणि आजूबाजूची ओली हवा आत धावते. इथे हे चक्र घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं, आपल्याकडच्या उलट. वारे ताशी ६३ किलोमीटरला पोचले की बारसं. ५५ अंश रेखांशाच्या पूर्वेला असेल तर नाव मॉरिशस ठेवतं, पश्चिमेला असेल तर मादागास्कर. ११८ किलोमीटरच्या पुढे त्याला 'ट्रॉपिकल सायक्लोन' म्हणायचं, मग 'इंटेन्स', आणि २१२ च्या पुढे 'व्हेरी इंटेन्स'. या सगळ्या समुद्रावर नजर ठेवणारं मुख्य केंद्र शेजारच्या रेयुनियन बेटावर, फ्रेंचांचं.

पुढची वाट ठरवतो तो मास्करीनचा उच्चदाब. हे नाव तुम्ही दर जूनमध्ये मराठी बातम्यांत ऐकता, आपल्याकडे मोसमी वारे ढकलणारा तोच. मास्करीन म्हणजे मॉरिशस, रेयुनियन आणि रॉड्रिग्ज ही आमची तीन भावंडं. हा उच्चदाब आमच्या दक्षिणेला पसरून बसलेला असतो आणि वादळाला त्याच्या कडेकडेने पश्चिमेला, नैर्ऋत्येला जावं लागतं. पुढे वाट मिळाली की वळून आग्नेयेला जातं, थंड पाण्यावर, उलटसुलट वाऱ्यात सापडतं आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना मरतं. जन्मापासून इथवर साधारण आठवडा-दीड आठवडा.

याला अपवाद फ्रेडी. फेब्रुवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला जन्मलं, अख्खा हिंदी महासागर आडवा पार केला, आमच्या उत्तरेकडून सरकून मादागास्करवर गेलं, तिथून मोझांबिकमध्ये, पुन्हा समुद्रात येऊन तापलं आणि ११ मार्चला पुन्हा मोझांबिकवर. शेवटी मलावीत इतका पाऊस पाडला की एक हजारावर माणसं दगावली. जागतिक हवामान संघटनेने त्याचं आयुष्य ३६ दिवस धरलंय, नोंदींतलं सगळ्यात लांब.

आता इशाऱ्यांबद्दल. मी आल्या आल्या शिकलो ती पद्धत अशी: चार वर्ग, आणि सगळा हिशेब ताशी १२० किलोमीटरच्या झोताभोवती. असे झोत यायच्या ३६ ते ४८ तास आधी वर्ग एक. बारा तासांचा उजेड हाताशी राहील अशा बेताने वर्ग दोन. सहा तासांचा उजेड असताना तीन. प्रत्यक्ष झोत लागला की चार. तीन लागला की बस बंद, दुकानं बंद, घराबाहेर पडायचं नाही. शेजारची पोरं 'किती लागला?' असं विचारतात, आपण क्रिकेटचा स्कोअर विचारतो तसं.

या हिशेबात पाऊस कुठे आहे? हा प्रश्न मला १५ जानेवारी २०२४ पर्यंत पडलाच नव्हता. त्या दिवशी बेलाल वादळ रेयुनियनच्या अंगावरून जाऊन आमच्या दक्षिणेकडून निघालं होतं. सोमवार होता. कामावर या म्हणाले, गेलो. (कोण म्हणाले ते राहू दे.) दुपारी पोर्ट लुईत पाणी असं आलं की मोटारी एकमेकींवर चढून बसल्या. मी ज्या इमारतीच्या जिन्यावर उभा होतो तिथून एक पांढरी गाडी रस्त्यावरून तरंगत जाताना दिसली, दिवे लागलेले, वायपर चालू. आत कुणी नव्हतं, देवाची कृपा. घरी पोचायला रात्रीचे अकरा वाजले.

वारा म्हणाल तर त्या दिवशी आमच्या खिडकीची काचसुद्धा हलली नाही.

म्हणून हा धागा. कुणाकडे बेटांवरच्या वादळांचे अनुभव असतील, अंदमान, लक्षद्वीप, कुठलेही, तर लिहा.


आबोली_श्रीवर्धन | रविवार, सायं. ६.४५

निसर्गची आठवण काढलीत. ३ जून २०२०. आमच्या आगरात साडेतीनशे पोफळी होत्या, संध्याकाळी उभ्या सतरा मोजल्या. नारळ निदान वाकतो तरी, पोफळ काडीसारखी मोडते. नवीन लावली तर उत्पन्नाला सात-आठ वर्षं. लोक विचारतात नुकसान किती झालं. मी सांगते, लेकीचं वय विचारा, ती दहावीला जाईल तेव्हा सुपारी हाताला लागेल.

आमच्याकडे किनाऱ्यावर सुरूचं बन होतं, तेही आडवं झालं. मॉरिशसला समुद्रकाठी काय लावतात?


पोफळीकर | रविवार, सायं. ७.२०

आबोलीताई, हसाल, पण सुरूच! इथे त्याला फिलाव म्हणतात. पुळणीवर रांगाच्या रांगा. मुळं वरवरची, त्यामुळे मोठ्या वादळात उपटून पडतात आणि लोक पुन्हा तेच लावतात. शेतात मात्र ऊस. वाकतो, लोळतो, पण मुळासकट जात नाही. पाणी नि ऊन मिळालं की बराचसा परत उभा राहतो. सुपारीवर एवढा भरवसा ठेवणारे आपण कोकणीच.


शंकासुर | रविवार, रात्री ९.०५

माहितीपूर्ण धागा. एक बाळबोध शंका. बंगालच्या उपसागरात एका वादळात लाखो माणसं मेली आहेत. मॉरिशसला उघड्या समुद्रात असून आकडे दहा-वीस-चाळीस. श्रीमंतीचा फरक, की अजून काही?

जाता जाता: मुंबईत १८८२ साली चक्रीवादळाने एक लाख माणसं मेली होती म्हणतात. तेही बेटच तेव्हा.


हवामानवेडा | रविवार, रात्री १०.३०

शंकासुर, आधी जाता जाताचं. १८८२ ची ती गोष्ट इंटरनेटवर फार फिरते, पण त्या काळच्या वर्तमानपत्रांत आणि सरकारी नोंदींत अशा वादळाचा पत्ता नाही. एक लाख माणसं मेली असती तर मुंबईच्या वर्तमानपत्रांनी चार ओळी तरी लिहिल्या असत्या. सोडून द्या.

आता मुख्य शंका. पैशाचा भाग आहेच, पण त्याआधी समुद्राच्या तळाचा आहे. वादळाचा वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो. समोर उथळ, लांबवर पसरलेला तळ असेल तर त्या पाण्याला खाली जायला जागा नसते, ते वर चढतं. गंगेच्या मुखाशी असंच आहे, वर खाडी नरसाळ्यासारखी अरुंद होत जाते आणि जमीन ताटासारखी सपाट. १२ नोव्हेंबर १९७० ला भोला बेट आणि आजूबाजूची बेटं भरतीच्या वेळी रात्री पाण्याखाली गेली. मृतांचा अंदाज तीन ते पाच लाख.

मॉरिशस आणि रेयुनियन म्हणजे खोल समुद्रातून थेट वर आलेले ज्वालामुखी. किनारा सोडला की थोड्याच अंतरावर हजारो मीटर खोली. लोटलेलं पाणी खालून निसटतं, फुगवटा त्या मानाने कमी राहतो. लाटा मात्र राक्षसी येतात, त्या मॉरिशसचं प्रवाळ बऱ्याच अंशी बाहेरच फोडतं. प्रवाळ मेलं तर काय, हा वेगळा आणि भीतीदायक प्रश्न.

पण डोंगर असण्याची किंमत पावसात मोजावी लागते. ओली हवा डोंगराला आपटून वर चढते आणि जागच्या जागी रिकामी होते. रेयुनियनचा सर्वोच्च डोंगर तीन हजार मीटरच्या वर. आता आकडे धरून बसा:

जानेवारी १९६६, डेनिस वादळ, फॉक-फॉक नावाचं ठिकाण, २४ तासांत १,८२५ मिलिमीटर. जागतिक विक्रम, आजही. आपल्या २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ होता, म्हणजे जवळपास दुप्पट.

फेब्रुवारी २००७, गामेद, क्रातेर कोमेर्सों, ७२ तासांत ३,९३० मिलिमीटर. मुंबईत अख्ख्या पावसाळ्यात इतका पडत नाही.

जानेवारी १९८०, यासेंत. तेच क्रातेर कोमेर्सों, पंधरा दिवसांत ६,०८३ मिलिमीटर.

मधला ४८ तासांचा विक्रम तेवढा आपल्या चेरापुंजीकडे आहे, १९९५ चा, २,४९३. तोही रेयुनियनकडून हिसकावलेला.


मिश्किल_मामा | रविवार, रात्री ११.०२

सगळं वाचलं. मुख्य मुद्दा राहिलाच. तीन नंबरचा बावटा लागल्यावर घरात बसून भजी मिळतात की नाही?


पोफळीकर | सोमवार, सकाळी ७.४०

मामा, मिळतात, आणि चांगली मिळतात. गातो पिमां. वाटल्या डाळीचे, हिरव्या मिरचीचे छोटे गोळे तळतात, पावात घालून खायचे. आपल्या डाळवड्याची सख्खी बहीण. वर्ग दोन लागला की पहिली रांग पेट्रोलला नाही, बेकरीवर लागते. मग मेणबत्त्या, सार्डिनचे डबे, बॅटरीचे सेल. बायको बादल्या, पातेली, कुकरसुद्धा पाण्याने भरून ठेवते, कारण वीज गेली की पंप गेला.

हवामानवेडा, दंडवत. तळाचा मुद्दा मला नव्हता माहीत.


दर्यावर्दी७२ | सोमवार, सकाळी ११.१५

निवृत्त मर्चंट नेव्ही. पोर्ट लुईला अनेकदा नांगर टाकलाय, म्हणून राहवत नाही.

'सायक्लोन' हा शब्दच मॉरिशसच्या पाण्यातून वर आलाय म्हटलं तरी चालेल. कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन नावाचा इंग्रज जहाजांच्या रोजनाम्या गोळा करून वादळांचा अभ्यास करायचा. त्याच्या हाती चार्ल्स हेडल नावाच्या शिडाच्या जहाजाची रोजनामी आली. फेब्रुवारी १८४५ मध्ये मॉरिशसजवळ वादळात सापडलं, कप्तानाने वारा पाठीशी घेऊन पळ काढला. चार-पाच दिवस पळाल्यावर हिशेब मांडला तर जहाज जिथून निघालं तिथून फार लांब गेलेलंच नव्हतं. वादळाच्या मध्याभोवती पाच प्रदक्षिणा घातल्या होत्या! वारा गोल फिरतो याला याहून चांगला पुरावा कुठला. पिडिंग्टनने पुढे १८४८ साली सापाच्या वेटोळ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून 'सायक्लोन' हे नाव रूढ केलं.

आम्हाला शिकवलेला नियम: दक्षिण गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभं राहा, वादळाचा मध्य डाव्या हाताला, जरासा मागे. वारा दिशा बदलत नाही, वाढतोय, आणि बॅरोमीटर उतरतंय, तर समजावं ते सरळ तुमच्याकडेच येतंय.

अजून एक. इथे वादळाची डावी बाजू वाईट, कारण तिथे चक्राचा वारा आणि वादळाच्या पुढे सरकण्याचा वेग एकमेकांत मिळतात. मॉरिशसच्या उत्तरेकडून पश्चिमेला जाणारं वादळ बेटाला नेमक्या डाव्या बाजूला ठेवतं. त्यात मास्करीनचा उच्चदाब दक्षिणेकडून रेटतोय. म्हणून 'उत्तरेकडून गेलं, वाचलो' असं तिथले जुने लोक लवकर म्हणत नाहीत.


कास्कावेलची_लेक | सोमवार, दुपारी ४.५०

नमस्कार. मी मॉरिशसची मराठी आहे, सहावी पिढी. घरी आम्ही क्रिओल बोलतो, मराठी मी शाळेत आणि नंतर मोका गावी महात्मा गांधी संस्थेत शिकले. चुका असतील तर माफ करा.

माझ्या आजीने कॅरोल पाहिले. १९६०. त्या वर्षी जानेवारीत आधी आलिक्स येऊन गेले होते. लोकांनी छपरे नीट केली नव्हती तोच २८ फेब्रुवारीला कॅरोल आले. वाऱ्याचे झोत ताशी २५६ किलोमीटर. ४२ माणसे गेली. तेव्हा आमच्या वस्तीत घर म्हणजे लाकडाच्या मेढी, कुडाच्या भिंती आणि वर उसाचे पाचट. कुणाकडे पत्रा असेल तर तो मोठा माणूस. आजी सांगायची, पत्रा असणाऱ्यांचीच जास्त भीती होती, कारण पत्रा उडाला की तलवार होतो.

सगळे साखर कारखान्याच्या दगडी इमारतीत गेले. आजीच्या कडेवर माझे वडील आणि हातात एक पत्र्याची पेटी. एवढेच घेतले. रात्रभर आवाज. मग एकदम शांत झाले. वर तारे दिसले म्हणे. तरुण माणसे बाहेर निघाली, कुणाची गाय बांधलेली होती, कुणाला घर बघायचे होते. आजीचे सासरे दारात आडवे उभे राहिले. त्यांच्या वडिलांनी १८९२ चे वादळ पाहिले होते. ते म्हणाले, "हा त्याचा डोळा आहे. आता ते पाठ फिरवून येईल." आणि वारा उलट्या बाजूने आला.

१८९२ ची गोष्ट आमच्याकडे घराघरांत होती. २९ एप्रिलला आले, जेव्हा मोसम संपला असे सगळे समजत होते. बाराशेच्या आसपास माणसे मेली. त्यात भारतातून आलेले मजूर पुष्कळ होते.

कॅरोलनंतर सरकारने काँक्रीटच्या छोट्या घरांच्या वसाहती बांधल्या, त्यांना सिते म्हणतात. मग ज्याला जमेल त्याने बेतों, म्हणजे काँक्रीटचे घर बांधले. आजी म्हणायची, लग्नात सोने नको, बेतों द्या. म्हणून १९७५ ला जेर्वेझ आले, झोत २८० च्या जवळ, कॅरोलपेक्षा जोरात, तरी माणसे दहाच्या आसपास गेली. १९९४ ला होलांडा आले तेव्हा मी शाळेत होते. आम्ही पत्ते खेळत बसलो होतो.


पोफळीकर | सोमवार, रात्री ८.३०

ताई, तुमची मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ आहे. कसली माफी.

तुमच्या शेवटच्या परिच्छेदावर बांधकामवाला म्हणून थोडं बोलतो. इथलं सपाट स्लॅबचं घर हे कॅरोलचं उत्तर आहे. आणि उत्तर बरोबर आहे. त्यामुळेच इथे वादळ आलं की बाहेर पळायचं नसतं, घर हाच निवारा. पण ही घरं वाढत वाढत ओढ्यांच्या काठावर आली, काही ठिकाणी ओढ्यांवरच. अंगणाला काँक्रीट, गल्लीला काँक्रीट. पोर्ट लुईच्या मागे मोका नावाचे डोंगर अर्धवर्तुळात उभे आहेत, शहर म्हणजे खाली ठेवलेली परात. वरून येणारे प्रवाह शहरात शिरताना कालव्यांत कोंबलेले, कित्येक ठिकाणी वरून झाकलेले. ३० मार्च २०१३ ला तर वादळ नव्हतंच, दुपारची एक मुसळधार सर, आणि अकरा माणसं गेली, काही भुयारी वाटेत, काही तळघरातल्या पार्किंगमध्ये. म्हणजे ज्या बेतोंने वाऱ्यापासून वाचवलं तेच पाण्याच्या वाटेत उभं आहे. मी स्वतः अशी अंगणं ओतून दिली आहेत, दुसऱ्यावर बोट ठेवत नाही.

बेलालनंतर इशारा कधी चढवायला हवा होता यावर इथे खूप भांडण झालं. माझ्या मते ते दुय्यम आहे. लोकांचे कान साठ वर्षं वाऱ्याला लागलेत. झाडं हलत नाहीत म्हणजे ठीक आहे, असं मलाही वाटलंच की.


शंकासुर | सोमवार, रात्री ९.४०

मग वादळ नकोच असं तुम्हा लोकांना वाटत असणार.


कास्कावेलची_लेक | सोमवार, रात्री १०.१०

नाही हो. आम्ही म्हणतो लांबून जावे, पण जावे. १९९९ ला पाऊस झाला नाही, ऊस वाळला, नळाला पाणी एक तास. मार-ओ-वाक्वा हे आमचे सर्वात मोठे धरण, ते वादळाच्या पदराने भरते. वादळ दोनशे किलोमीटरवरून गेले तर मुलांना सुट्टी आणि धरणाला पाणी.


रानवेडी | मंगळवार, सकाळी ९.२५

माणसांना निदान बेतों आहे. रॉड्रिग्ज बेटावर एक सोनेरी लोकरीचं वटवाघूळ आहे, जगात फक्त तिथेच. १९७९ मध्ये सेलीन वादळानंतर शंभरच्या आत उरली होती. वादळात मरतात ती थोडी, खरा मार नंतरचा: झाडांवर फळ नाही, फूल नाही, पान नाही आणि उडून जायला दुसरं बेट जवळ नाही. मॉरिशस साडेपाचशे किलोमीटर. जुनी मोठी झाडं असलेल्या घळी होत्या तिथे ती तगली. आता संख्या पुन्हा हजारोंत गेलीय, आणि त्यात झाडं लावणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. थोडक्यात, पोफळीकर, तुमच्या आईचा प्रश्न वटवाघळांनाही लागू.


हवामानवेडा | मंगळवार, दुपारी १.००

बेतों नसेल तर काय होतं याचं ताजं उदाहरण म्हणजे चिदो वादळ, डिसेंबर २०२४. आधी मॉरिशसच्याच ताब्यातल्या आगालेगा बेटाला झोडपलं. आगालेगा मुख्य बेटापासून हजारेक किलोमीटर उत्तरेला, वस्ती तीनेकशे माणसांची. भारताने तिथे धावपट्टी आणि धक्का बांधून दिलाय, फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्घाटन झालं होतं, त्यामुळे नाव ऐकलं असेल. मग १४ तारखेला मायोत बेटाला. तेही फ्रान्सचंच, रेयुनियनसारखं. पण डोंगरउतारावर पत्र्याच्या झोपड्या, त्यांना तिथे बांगा म्हणतात. विमानतळावर २२६ किलोमीटरचा झोत नोंदला गेला आणि टेकड्याच्या टेकड्या उघड्या पडल्या. अधिकृत मृत चाळीसच्या आसपास. विनाकागद राहणारे पुष्कळ जण धरपकडीच्या भीतीने निवाऱ्यात गेलेच नाहीत, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. इशारा वेळेवर होता. जायला पाय धजले नाहीत.

रेयुनियनला याउलट लाल इशाऱ्याच्याही वर जांभळा आहे. तो लागला की रुग्णवाहिका आणि अग्निशमनवालेसुद्धा घरात. बेलालच्या वेळी लावला होता.

हवामान बदलाचं कुणी विचारायच्या आत: वादळांची एकूण संख्या वाढतेय असं ठाम म्हणता येत नाही. जोरदार वादळांचं प्रमाण आणि एका वादळातला पाऊस वाढण्याकडे कल आहे. पोफळीकरांनी पाण्याचं लिहिलंय ते म्हणूनच जपून वाचा.


मिश्किल_मामा | मंगळवार, दुपारी १.४०

जांभळा म्हणजे अग्निशमनवाल्यांनाही भजी.

बाकी कास्कावेलच्या ताई, ती पत्र्याची पेटी. माणूस रात्री वादळात पोर आणि पेटी एवढंच घेऊन निघतो म्हणजे त्यात काहीतरी असणार. सोनं?


कास्कावेलची_लेक | मंगळवार, सायं. ६.१५

सोने नव्हते मामा. कागद होते. आजीच्या आजोबांचे इमिग्रेशनचे तिकीट, ते मुंबईहून बोटीने आले तेव्हा मिळालेले. त्यावर नंबर, नाव, बापाचे नाव, जिल्हा आणि गाव.

कारखान्यात छपरातून पाणी गळत होते आणि पेटीचे झाकण नीट बसत नव्हते. सकाळी उघडली तर शाई पसरली होती. नंबर वाचता येतो. रत्नागिरी वाचता येते. गावाच्या जागी निळा डाग आहे.

मग मी मोक्याला शिकत असताना तिथल्या जुन्या दप्तरात तो नंबर शोधला. सापडला. पण कारकून इंग्रज, त्याने कानाला लागले तसे लिहिले. गोआगुर असे काहीतरी. आमचे सर म्हणाले गुहागर असेल. मी कधी आले नाही तिकडे.


आबोली_श्रीवर्धन | मंगळवार, सायं. ६.३०

अगं बाई.


पोफळीकर | मंगळवार, रात्री ७.०५

ताई, गुहागर म्हणजे आमच्या समोरचं. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलं की गुहागर तालुका सुरू. आईची मावशी दिलेली आहे तिकडे. तुमच्या घराण्याचं आडनाव आणि ग्रामदैवत काही ठाऊक असेल तर मला निरोपातून कळवा, इथे उघड लिहू नका. आईला विचारतो. ती तशीही उद्या फोन करणारच आहे, वर्ग दोन लागलाय.